पायाची बोटं बघून काढलेला दात

लहान मुलाला नेमकं किती दुखतंय, हे परभणीत तीस वर्षं दातांचा दवाखाना चालवूनही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा हे आधीच कबूल करून टाकते. मोठा माणूस खुर्चीत बसला की डावीकडे का उजवीकडे, गरमानं का गारानं, ठणकतं का सणकतं, सगळं बैजवार सांगतो. पाच-सहा वर्षांचं पोर मात्र आईच्या पदरात तोंड खुपसून उभं असतं आणि त्याच्या वतीनं आई, आजोबा, काका आणि सोबत आलेला शेजारी असे चौघं एकदम बोलत असतात. त्यात पोराचं म्हणणं काय, हे कुणालाच ठाऊक नसतं.

कॉलेजात असताना वॉर्डातले मोठे डॉक्टर आम्हाला सांगायचे, ‘दूधदाताला कसलं आलंय दुखणं? धरायचं, ओढायचं, मोकळं व्हायचं.’ पुस्तकात असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण पुस्तकापेक्षा वॉर्डातलं बोलणं जास्त लक्षात राहतं. मीही ते खरं मानून नागपूरहून परभणीला आले, लग्न होऊन. बसस्टँडजवळ एका किराणा दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत दवाखाना थाटला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. दंगल झाली तेव्हा मी नागपूरला शिकत होते. पेपरात वाचलं होतं तेवढंच. परभणी जिल्ह्यातल्या गावांची नावं त्या बातम्यांत असायची, पण तेव्हा ती माझ्यासाठी नुसती नावंच होती.

माझ्या मदतीला हमीदाबी होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात कायम एक फडकं. आधी त्या बाळंतपणं करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे होत्या, त्यामुळं किंचाळण्याची त्यांना सवय होती. मुलं खुर्चीत बसली की त्या पायाशी उभ्या राहायच्या आणि हलकेच पावलं धरायच्या. मला वाटायचं, पोरानं लाथ मारू नये म्हणून धरतात.

बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून थोडं कामाचं सांगते. खालच्या जबड्यातला दात काढायचा असेल तर जबड्याच्या अगदी मागं, गालाच्या आत एक इंजेक्शन द्यावं लागतं. ते नीट बसलं की पाच-सात मिनिटांत त्या बाजूचा ओठ आणि अर्धी जीभ बधिर होते. मग दात ओढताना दाब कळतो, पण दुखत नाही. बधिर म्हणजे काय हे मुलाला कळत नाही. त्याला विचारायचं, ‘ओठ मोठा झाल्यासारखा वाटतो का? मुंग्या आल्या का?’ आमच्या वेळी सुया उकळून पुन्हा वापरायच्या. टोक बोथट झालं की बारीक दगडावर घासून घ्यायचं. म्हणजे दुखू नये म्हणून द्यायचं इंजेक्शनच आधी चांगलं दुखायचं. हे मी मुलांना कसं समजावणार? मी ‘मुंगी चावेल’ म्हणायची. मुलं मुंगीवर विश्वास ठेवायची आणि त्यानंतर माझ्यावर कधीच ठेवायची नाहीत.

मला पहिल्यांदा गोंधळात टाकलं ते गंगाखेडकडच्या दिलीपनं. वय सहा. जीपमधून आजोबा, दोन काका आणि आई असा लवाजमा घेऊन आला होता. मी अजून हात धूत होते तेव्हापासून त्यानं जो सूर लावला, तो दात काढून कापसाचा बोळा चावायला दिला तरी थांबला नाही. खालचा किराणावाला वर येऊन बघून गेला. चौघांनी धरलं तेव्हा कुठं काम झालं. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, ‘आज एका लेकराचे मी हाल केले.’

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप पुन्हा दारात उभी. दिलीपचा खालचा ओठ सुजून पेरूएवढा झाला होता, आतून सोललेला. आजोबा जिन्यातूनच बोलत वर आले.

‘बाई, आमी दात काढाय सांगितला व्हता. तुमी ओठ कशापायी कापलाव?’

मी ओठाला हातसुद्धा लावला नव्हता. क्षणभर मलाच शंका आली, चिमटा लागला की काय? मी दिलीपलाच विचारलं. तो त्या सुजलेल्या ओठातून अगदी सहज म्हणाला, ‘म्याच चावला. रबरावानी लागत व्हता. चावायला मजा येत व्हती.’

ओठ बधिर होता, म्हणून पोरानं वाटभर जीपमध्ये बसून तो चघळला होता. बधिरपणा दोन-तीन तास राहतो, तोवर काही खाऊ देऊ नका, ओठ चावू देऊ नका, हे सांगणं माझं काम होतं आणि मी ते विसरले होते. आजोबांची माफी मागितली. मग न राहवून दिलीपला विचारलं, ‘काल दात काढताना फार दुखलं का रे?’

‘न्हाई,’ तो म्हणाला, ‘दुखलंच न्हाई.’

‘मग एवढा का ओरडलास?’

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला.

त्या दिवसापासून मी मनाशी एक हिशेब बांधला. रडण्याचा आणि दुखण्याचा संबंध नाही. पोरं भीतीनं रडतात. इंजेक्शन दिलं की आपलं काम झालं, आवाजाकडं लक्ष द्यायचं नाही. या हिशेबानं मी वर्षभर निवांत काम केलं. आणि मग सुजाता आली.

सात वर्षांची, सावळी, दोन घट्ट वेण्या. सोबत आई धुरपदाबाई आणि मामा. मामा एका कचेरीत कारकून होते, इस्त्रीचा शर्ट, बोलणं जपून. धुरपदाबाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायच्या. सुजाताचा उजवा गाल सुजला होता, खालच्या दाढेच्या मुळाशी पू धरला होता. केसपेपर भरताना मी सवयीनं विचारलं, ‘गाव कोणतं?’

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग मामा म्हणाले, ‘इथलेच लिहा. परभणी.’

मी लिहिलं. त्या थांबण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आणि खरं सांगायचं तर लावावासा वाटलाही नाही.

पू असला की बधिर करायचं औषध नीट चढत नाही. अशा वेळी चार दिवस गोळ्या देऊन सूज उतरवायची आणि मग दात काढायचा, हे मला माहीत होतं. पण धुरपदाबाई म्हणाल्या, ‘बाई, आजच्या दिशी खाडा केलाय, पुन्यांदा सुट्टी भेटायची न्हाई.’ पोरगीही शांत होती. मी इंजेक्शन दिलं. तिनं डोळासुद्धा मिटला नाही. पाच मिनिटांनी विचारलं, ‘ओठ मोठा झाला का?’ तिनं मान हलवली. मी ती होकारार्थी धरली.

दाढ घट्ट होती. दोन-तीन मिनिटं लागली. सुजाता छताकडं बघत पडून होती. ना हूं, ना चूं. मला इतकं कौतुक वाटलं की दाढ निघाल्यावर मी बाहेरच्या खोलीचं दार उघडलं आणि बसलेल्या पेशंटना सांगितलं, ‘बघा, याला म्हणतात धीट मुलगी! शिका जरा हिच्याकडून.’ एका आजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मामांच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं.

मागं वळले तर हमीदाबी फडक्यानं खुर्ची पुसत होत्या. खुर्ची ओली होती.

‘डाक्टरनी बाई,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुमने पाँव नै देखे क्या? बच्ची के अंगूठे ऐसे मुड गए थे, मेरे को सीधे नै हो रहे थे. मैं बोली भी, तुम सुने नै.’

मी सुजाताचे हात उघडून बघितले. तळव्यांवर नखांच्या चार-चार खुणा होत्या, एका खुणेतून रक्त आलं होतं. मी दात तपासायच्या बारीक सळईचं टोक तिच्या ओठाला हलकेच लावलं. ‘कळतंय?’

‘हो.’

‘मघाशीपण कळत होतं?’

‘हो.’

ओठ बधिर झालाच नव्हता. पू भरलेल्या जबड्यातून मी तिची दाढ जवळजवळ तशीच उपटली होती.

‘अगं, मग सांगितलं का नाहीस?’

 धुरपदाबाईंनी तिला जवळ ओढलं. ‘तिला सवय हाय बाई,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काय होतं? मला तो अभिमानासारखा वाटला, आणि लगेच वाटलं, नाही, दुसरंच काहीतरी आहे. मामा म्हणाले, ‘चला आता.’ मी औषधाची बाटली दिली, तीन दिवसांनी दाखवायला या म्हटलं. ते गेले.

तीन दिवस झाले, पाच झाले, कुणी आलं नाही. मला झोप धड येईना असं लिहिलं तर ते मोठेपणा मिरवण्यासारखं होईल. झोप येत होती. पण दिवसा काम करताना मधेच हात थांबायचा. समोरचं पोर रडत असलं तर वाटायचं, हे भीतीनं रडतंय की खरंच दुखतंय? आणि गप्प बसलेलं असलं तर त्याहून जास्त धास्ती वाटायची. माझा हिशेब पार मोडला होता आणि नवा काही जमत नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारचा दवाखाना बंद करून मी हमीदाबींना म्हटलं, ‘तुम्हाला त्यांचं घर माहीत आहे का?’

‘हौ,’ त्या म्हणाल्या, जणू मी विचारायचीच वाट बघत होत्या.

रेल्वेरुळाच्या पलीकडं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली स्वच्छ सारवलेली जमीन. धुरपदाबाई आम्हाला बघून गडबडल्या, मग सतरंजी टाकली. सुजाता दारात बसून पाटीवर लिहीत होती. गाल उतरला होता. जखम चांगली होती. माझं डॉक्टर म्हणून काम तिथं संपलं होतं, तरी मी उठले नाही.

‘ती काहीच का बोलली नाही, धुरपदाबाई?’

त्यांनी आधी सुजाताला पाणी आणायला नळावर पाठवलं.

‘आमी गोदाकाठचे,’ त्या म्हणाल्या. ‘गावाचं नाव काय सांगू तुमाला, आता ते आमचं न्हाई. नामांतराच्या टायमाला गावात गडबड झाली तवा घर सोडून उसात जाऊन बसलो. सकाळपसून दिवस बुडूस्तोर. समदी वस्ती. ही चार वर्षाची व्हती. मानसं बांधावून हिंडायली, आवाज यायलेत जवळून. म्या हिच्या कानात सांगितलं, आवाज काढायचा न्हाई, कायबी झालं तरी. दिवस मावळताना हिला उचलली तर पाय सुजून खांबावानी. इंचू चावला व्हता बाई. कवा चावला कुनाला म्हाईत. पोरीनं एक शब्द काढला न्हाई.’

हमीदाबींनी तोंडावर पदर धरला.

‘लय आजारी पडली. वाचली. मग समदे म्हनायचे, हिच्यामुळं आपुन वाचलो, लय धीट लेकरू हाय. येईल तो पाठीवून हात फिरवायचा.’

मला दवाखान्याचं उघडं दार आठवलं आणि मी सगळ्यांना ऐकवलेलं ते वाक्य. ज्याबद्दल त्या पोरीला जगानं एकदा शाबासकी दिली होती, त्याचबद्दल मीही दिली. माझ्या चिमट्याखाली ती उसातच बसली होती आणि मी तिला म्हणत होते, वा!

हे मी त्यांना कसं सांगावं कळेना. शेवटी एवढंच म्हणाले, ‘तिच्या शेजारची दाढही किडली आहे, ती काढावी लागेल. तेव्हा तिला सांगा, दवाखान्यात ओरडलं तरी चालतं.’

 ‘सांगते की. पर बाई, कुठं वरडलेलं चालतं अन् कुठं चालत न्हाई, हे तिला कसं कळावं? मलाच अजून कळंना.’

 तेवढ्यात सुजाता पाण्याची कळशी घेऊन आली, आणि आम्ही चहा घेऊन निघालो.

दिवाळीनंतर ते आले. या वेळी मी आधी गोळ्या देऊन आठवडाभर थांबले होते. नवी सुई काढली. मुंगीबिंगी काही म्हटलं नाही. ‘सुजाता, हे टोचेल. दहा आकडे मोजेपर्यंत दुखेल, मग थांबेल,’ असं सांगितलं आणि दहाला खरंच थांबले. दहा मिनिटांनी ओठाला सळई लावली. मान हलवण्यावर भागवलं नाही. डोळे मिटायला लावून तीन वेळा विचारलं, आता लावली का, आता लावली का. ओठ बधिर होता.

‘दुखलं तर हात वर कर. मी लगेच थांबेन. कुणी रागावणार नाही.’

तिनं ‘हो’ म्हटलं. पण ती हात वर करणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून मी हमीदाबींना म्हटलं, ‘तुम्ही पायाकडं बघा आणि मला सांगा.’

त्यांनी नेहमीसारखी पावलं धरली. मी दाढेला चिमटा लावला.

‘ठीक है,’ हमीदाबी म्हणाल्या. ‘ठीक है. रुको! मुड रहे.’

मी थांबले. हात वर नव्हता. सुजाता छताकडंच बघत होती. मी हिरडीत थोडं औषध आणखी सोडलं, वाट पाहिली. पुन्हा सुरुवात. ‘ठीक है... ठीक है... सीधे है, निकालो.’ दाढ निघाली. असा दात मी आधी कधी काढला नव्हता. एक बाई तोंडात बघतेय, दुसरी पायाच्या बोटांत, आणि मधली पोरगी कुणालाच काही सांगत नाही. काम चांगलं झालं होतं, तरी मला ते अर्धवट वाटलं. तिचं दुखणं आम्ही चोरून वाचत होतो.

या वेळी मी शाबासकी दिली नाही.  कापूस चावायला दिला, ओठ चावू नको म्हणून तिला, मामांना आणि धुरपदाबाईंना वेगवेगळं बजावलं. बधिरपणा उतरायच्या आधीच दुखण्याच्या औषधाचा एक डोस द्या, असं सांगायचं मी ठरवलं होतं. पण पुढचा पेशंट खुर्चीत येऊन बसला, आणि घाईत मी म्हटलं, ‘दुखलं तर द्या.’ या पोरीच्या बाबतीत हे किती निरर्थक वाक्य होतं, ते बोलून गेल्यावरही माझ्या ध्यानात आलं नाही.

दोन-अडीच तासांनी, संध्याकाळचे पेशंट नुकतेच जमत होते, तेव्हा रस्त्यावरून एक भोकाड ऐकू आलं. ते जिन्यावरून वर येत गेलं. दारात धुरपदाबाई, कडेवर सात वर्षांची मोठी पोरगी, तिचं तोंड हे एवढं उघडं आणि डोळ्यांतून नाकातून धारा. मी घाबरून उठले. रक्त थांबलं नाही की काय?

‘बाई, दुखायलंय तिला!’ धुरपदाबाई धापा टाकत म्हणाल्या. ‘तिनं सोता सांगितलं! आई, दुखायलंय म्हनली! रुळापसून वरडतीय, समदी गल्ली भाईर आली. औषिद द्यायचं सुचलंच न्हाई. आता काय करू?’

त्या रडत होत्या की हसत होत्या, मला सांगता येणार नाही. मी सुजाताचं तोंड बघितलं. जखम स्वच्छ होती, रक्त थांबलेलं. बधिरपणा उतरला होता आणि दुखायला लागलं होतं, इतकं साधं. दात काढल्यावर कुठल्याही मुलाला दुखतं तेवढंच. पण ती ज्या आवाजात रडत होती, तो आजच्या दाढेचाच होता की आणखी कशाचा, हे मी तेव्हाही ओळखू शकले नाही. आमच्या बोलण्यानं झालं, की नुसतं सहन होईना म्हणून झालं, तेही नाही. मी तिच्यासमोर उभी होते आणि माझ्या चेहऱ्यावर हसू पसरलं होतं. लेकरू कळवळतंय आणि डॉक्टरबाई हसतेय.

‘हँसते क्या खडे?’ हमीदाबी माझ्यावर खेकसल्या. ‘दवा दो पहले!’

बाकावर एक पटकेवाले गृहस्थ दाढ धरून बसले होते. आवाजानं त्यांची कळ वाढली असावी. ते वैतागून म्हणाले, ‘ओ बाई, गप करा की तिला. एवढी मोठी पोरगी, एवढं काय रडायचं त्यात?’

खोलीतले सगळे धुरपदाबाईंकडं बघायला लागले. मला वाटलं, आता त्यांचा हात पोरीच्या तोंडाकडं जाईल. हात वर गेलाही. त्यांनी तो सुजाताच्या डोक्यावर ठेवला, तिला खांद्याशी घट्ट धरलं आणि त्या गृहस्थांकडं सरळ बघत म्हणाल्या, ‘रडू द्या. दुखायलंय तिला.’

 गृहस्थांनी जरा सरकून बाकावर जागा केली.

मी बाटली उघडून चमच्यात औषध ओतलं. घाईत अर्धं फरशीवर सांडलं. मी ते पुसलं नाही. चमचा पुन्हा भरला आणि रडणाऱ्या त्या उघड्या तोंडाशी नेला.